घरच्या कापसाची भेट

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, आणि शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमही विणले जाते. तरीही महालक्ष्म्यांसाठी कापसाची वस्त्रमाळ आपण बाजारातून विकत आणतो, हे मनाला पटत नाही. सगळ्या घराने मिळून करावी अशी याहून सोपी हस्तकला दुसरी नाही. सरकी काढलेला कापूस पिंजून त्याची लांब पट्टी ओढायची, बोटांना दुधाचा हात लावून ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा आणि पिळावर कुंकवाचे बोट टेकवायचे. मधला कापूस फुगलेला राहिला की मणी आपोआप उठतो. पीळ सैल पडला तर माळ ओघळते. एवढेच काय ते कसब. लहान मुलांना हे सहज जमते, कारण यात ना कात्री लागते, ना सुई, ना शेगडी.

तयार माळ स्वस्तात मिळते, मग वेळ कशाला घालवायचा, असे कोणी म्हणेल. पैशाच्या हिशेबात ते खरेच आहे. पण अशी माळ देवीला वाहताना किंवा कोणाला भेट देताना किंमत मोजायची नसते, आणि आजीच्या बोटांतला पीळ नातवंडाला दुकानात मिळत नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डबीऐवजी घरी केलेली वस्त्रमाळ द्या.