अंगणातही होतो तासाभराचा व्यायाम

कळस (ता. इंदापूर) : गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर खेळणे मुलांसाठी धोक्याचे ठरते. अशा वेळी घरचे अंगण किंवा परसदार उपयोगी पडते.

पाच ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. हा वेळ तुकड्यातुकड्यांनी भरला तरी चालतो. हाडांच्या बळकटीसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस उड्यांचे खेळ हवेत. लंगडीला साहित्य लागत नाही. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि चेंडू पुरतो. उन्हाळ्यात मात्र सकाळी किंवा ऊन कलल्यावरच खेळावे. अंगणातील दुचाकी तासभर बाहेर लावली, तरी खेळापुरती जागा होते.