शाळा सुटल्यावर ‘गाकुदो’त

जपानमध्ये आईवडील दोघंही कामावर असतील, तर प्राथमिक शाळेतली बरीच मुलं शाळा सुटली की ‘गाकुदो’त, म्हणजे शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांत, जातात. १९९७ साली बालकल्याण कायद्यात दुरुस्ती होऊन या केंद्रांना कायद्याचं अधिष्ठान मिळालं. आधी ती साधारण दहा वर्षांखालच्या मुलांसाठी होती. २०१५पासून सहावीपर्यंतची मुलंही त्यात आली.

चांगलं केंद्र ओळखायचं, तर आधी मुलांजवळची माणसं मोजावीत. २०१५च्या निकषांनुसार एका गटात साधारण ४० मुलं आणि किमान दोन कर्मचारी. त्यातला एक तरी प्रशिक्षित. २०२०मध्ये मात्र कर्मचाऱ्यांची ही अट स्थानिक प्रशासनांसाठी केवळ मार्गदर्शक उरली. ही ढिलाई काळजीचीच आहे. एक मूल खेळताना पडलं आणि ताई त्याच्याजवळ बसली, तर बाकीच्यांकडे कोण पाहणार?

जागेचा निकष दर मुलामागे १.६५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एका तातामी चटईएवढा. पावसाच्या दिवशी, सगळी मुलं आत असताना, तो अपुराच पडणार. पण खेळण्याच्या जागेबरोबर बरं नसलेल्या मुलाला शांत पडता येईल अशी सोयही हवी, हे निकषांतच लिहिलं आहे, आणि ते फार मोलाचं आहे.

मधल्या वेळचा खाऊ देताना अ‍ॅलर्जीचं भान ठेवावं आणि न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाची लगेच चौकशी करावी, असंही सरकारी मार्गदर्शिका सांगते.