दुर्बीण घ्यायचीय? आधी अंगणात बाज टाका!

दोस्तांनो, "या दिवाळीला दुर्बीण हवीच!" असा हट्ट तुमच्यापैकी कुणी ना कुणी घरात धरलेला असणार. कधीकधी आई-बाबा हो म्हणतात. मग ते चकचकीत खोकं घरी येतं, आणि दोन महिन्यांनी कपाटावर जाऊन बसतं! असं का होतं, तेच आज तुम्हाला सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी अहमदपूरला मावशीकडे गेलो होतो. लातूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, नांदेड-लातूर रस्त्यावरचं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं. मावशीचा नातू सातवीत. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा त्याच्या बाबांनी त्याला दुर्बीण घेऊन दिली होती. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि ठळक अक्षरांत '६७५ पट'! पण खोक्यावर बोटभर धूळ. विचारलं तर पठ्ठ्या आधी गप्पच. मग हळूच म्हणाला, "काका, त्यातून काहीच दिसत नाही. पण बाबांना सांगू नका. त्यांनी एवढे पैसे घातलेत."

बिचारा! दुर्बीण बिघडली असेल किंवा आपल्यालाच काही कळत नसेल, असं त्याला वाटत होतं. यातलं काहीच खरं नव्हतं. मी खोकं खाली काढलं.

आता थोडं गणित, पण सोपं आहे बरं का! दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर घ्या आणि त्याला डोळ्याजवळच्या भिंगाच्या, म्हणजे नेत्रिकेच्या, नाभीय अंतराने भागा. आलं उत्तर ते 'किती पट'. त्याच्या दुर्बिणीचं अंतर होतं ९०० मिलिमीटर. सोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे २२५ पट. आणि त्यात घालायला तिप्पट करणारी एक नळी. २२५ गुणिले ३... आले की नाही ६७५! आकडा खोटा नाही, पण उपयोगाचाही नाही. कारण पुढचं भिंग होतं फक्त ६० मिलिमीटर रुंदीचं. भिंगाची रुंदी जेवढे मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र नीट दिसतं. म्हणजे इथे १२० पट, आणि तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे प्रकाश तेवढाच राहतो, नुसता ताणला जातो. जसं एका वाटी वरणात पाणी घालत घालत सगळी पंगत जेवू घालायची!

आमच्या पठ्ठ्याने सगळ्यात मोठा आकडा मिळावा म्हणून तीच नेत्रिका आणि तीच नळी लावून चंद्र शोधला होता. त्यातून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो, की पृथ्वी फिरते म्हणून समोरचं पंधरा-वीस सेकंदांत निसटून जातं. वर तो स्टँड! सळईसारखे बारीक पाय. फुंकर मारली तरी दुर्बीण थरथरायची. खरं सांगू? भिंगापेक्षा स्टँडनेच जास्त मुलांचा हिरमोड केलाय.

त्या रात्री लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे अमावास्या. फटाक्यांचा धूर गावभर. म्हटलं, दुर्बीण राहू दे, उद्या आखाड्यावर जाऊ. तिथे मी त्याला पहिलं उपकरण दाखवलं. ते म्हणजे बाज! हसू नका. उभं राहून मान वर करून पाहिलं तर पाच मिनिटांत मान दुखते. बाजेवर उताणं पडलं, अंगावर चादर घेतली, की दोन तास मजेत जातात. (जुनी माणसं सप्तर्षींच्या चौकोनालाही बाजच म्हणतात, आणि मागच्या तीन ताऱ्यांना चोर!) शेतात मात्र मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, आणि पायांत बूट हवेत. विंचू-सापांना खगोलशास्त्राशी काही देणंघेणं नसतं.

दुसरं उपकरण तुमच्या भिंतीवर टांगलेलंच आहे. कॅलेंडर! त्यात तिथी असते, नक्षत्र असतं. तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नाही, शुद्ध सप्तमी-अष्टमीला. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्याच उरत नाहीत, आणि सावल्यांशिवाय विवरं दिसणार कशी? म्हणून दिवाळीची सुट्टी या छंदाला अगदी सोयीची. सुट्टीच्या सुरुवातीला अमावास्या, भाऊबीजेला चंद्राची नाजूक कोर, आणि शाळा उघडायच्या आधी बहुधा अष्टमी.

तिसरं उपकरण म्हणजे टॉर्चवर लावलेला लाल जिलेटिन कागद. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा प्रकाश क्षणात ती कमाई घालवतो. हल्ली मोबाइलवर आकाशाचे नकाशे मिळतात, छान असतात. पण पडदा लाल आणि मंद केला नाही तर नकाशा दिसेल आणि आकाश दिसणार नाही. घराजवळ रस्त्यावरचा दिवा नडत असेल, तर दोरीवर एक जाड रग वाळत घाला आणि त्याच्या आडोशाला बसा. दिव्याला शिव्या देण्यापेक्षा हे बरं.

आता विकत घ्यायची पहिली वस्तू. माझं ऐकाल तर बायनॉक्युलर, म्हणजे द्विनेत्री. त्यावर '७×५०' किंवा '१०×५०' लिहिलेलं हवं. पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. अंधारात आपल्या बाहुलीचं छिद्र फार तर ७ मिलिमीटरचं होतं. ५० मिलिमीटरचं भिंग त्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं! विकत घेताना दुकानाबाहेर येऊन लांबच्या विजेच्या तारेकडे पाहा. एकाच्या दोन तारा दिसल्या तर परत करा. हात थरथरतात त्यालाही उपाय आहे. बेचकं असलेली एक काठी घ्या, तिच्यावर द्विनेत्री टेकवा आणि खुर्चीत बसा.

तेवढ्यावर काय दिसतं? कृत्तिका नक्षत्रात नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, द्विनेत्रीतून डझनांनी. शर्मिष्ठेच्या खाली देवयानीतली दीर्घिका, धुरकट लांबट ठिपका. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला! गुरूचे चार चंद्रसुद्धा, हात स्थिर असेल तर. हेच चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये जेमतेम वीसपट दुर्बिणीतून शोधले. ६७५ पट त्याच्याकडेही नव्हतं!

आणि अहमदपूरच्या मुलांनो, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी लंडनच्या मुलांकडे नाही. तुमचं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १८.७ अंशांवर. म्हणून ध्रुव तारा तुम्हाला क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच दिसतो. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे दहा अंश. तेव्हा दोन मुठींना जरा कमी. उलट दक्षिणेकडचं भरपूर आकाश तुमच्या वाट्याला येतं. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्ती बघा. गंमत म्हणजे तोही बरोबर ध्रुवाएवढाच वर येतो! मेच्या सुट्टीत रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडे अडीच मुठी वर, नरतुरंग समूहात, द्विनेत्रीतून एक गोल धुरकट गोळा दिसेल. तो 'ओमेगा सेंटॉरी', लाखो ताऱ्यांचा गुच्छ. लंडनहून तो कधीच उगवत नाही.

हाच अक्षांश दुर्बीण घेतानाही लक्षात ठेवा. ध्रुवाकडे रोखून ठेवायचे, वजनाच्या दांड्याचे स्टँड असतात. ते बहुतेक चाळीस-पन्नास अंशांच्या देशांसाठी बनवलेले. आपल्याकडे १८ अंशांपर्यंत वाकवले की काहींचा दांडा पायालाच अडतो. पहिल्या दुर्बिणीला ही कटकट कशाला? त्यापेक्षा 'डॉब्सन' पद्धतीची बैठक घ्या. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे अमेरिकेतले गृहस्थ रामकृष्ण परंपरेतल्या मठात संन्यासी होते. पैसे नव्हते, म्हणून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, आणि लाकडी खोक्यात बसणारी, तोफेसारखी वर-खाली आणि गोल फिरणारी बैठक बनवली. दुर्बिणींच्या नादात मठाची कामं मागे पडतात असं होऊन १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला! मग ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून जाणाऱ्या-येणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. अशी बैठक गावातला सुतारही प्लायवुडची करून देईल. जड असते, म्हणूनच हलत नाही.

तिच्यावर सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा आरसा बसवला तर शनीची कडी, गुरूचे पट्टे, मृगाचा तेजोमेघ सगळं मिळतं. आरसा स्वतः घासूनही करता येतो. दोन काचेच्या तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि आठवडेच्या आठवडे चिकाटी. शेवटी पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतका अचूक व्हावा लागतो, आणि तो हातानेच होतो. पुण्याच्या 'आयुका'ने शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. पुण्यातलीच ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासूनची, देशातली सर्वांत जुनी हौशी मंडळींची संस्था. मोठी खरेदी करण्याआधी अशा ठिकाणी एक रात्र काढून दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहून घ्या, असं मी आई-बाबांना सांगेन.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. दुर्बीण किंवा द्विनेत्री सूर्याकडे कधीही वळवायची नाही. क्षणात डोळा जातो. खोक्यात नेत्रिकेवर बसवायची काळी 'सूर्य-काच' आली असेल तर ती सरळ फेकून द्या. उष्णतेने ती तडकते. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ती स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवायची. आणि धूळ उपरण्याने पुसायची नाही! आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. रबरी फुग्याने हवा मारून उडवा.

आता आमच्या पठ्ठ्याचं काय झालं? आम्ही ती तिप्पट करणारी नळी आणि ४ मिलिमीटरची नेत्रिका पुन्हा खोक्यात टाकली. २५ मिलिमीटरची लावली, म्हणजे ३६ पट. स्टँडचे पाय ओढून लांब न करता आखूडच ठेवले, आणि मधोमध वाळू भरलेली पिशवी टांगली. बाजूची छोटी शोधक दुर्बीण त्याने दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून, लांबच्या पाण्याच्या टाकीच्या टोकावर नेमकी जुळवून घेतली. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, त्यावरची हवा उकळत असते आणि चित्र नाचतं. म्हणून बस्तान अंगणात मांडलं.

कार्तिक शुद्ध अष्टमी. संध्याकाळी सात वाजता चंद्र बरोबर अर्धा. त्याने डोळा लावला आणि काही बोललाच नाही. उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या कडा लख्ख, आत काळ्या सावल्या. थरथर जवळजवळ नाही. मिनिटभराने तो पळत आत गेला आणि बाबांना हाताला धरून घेऊन आला. बाबा वाकले, पाहिलं, डोळा बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी चंद्र बघितला आणि पुन्हा वाकले. मग मावशीची पाळी. तिला गुडघ्यांमुळे वाकता येईना, म्हणून बाज ओढून आणली आणि तिला त्यावर बसवलं. आखूड पायांच्या स्टँडला ती उंची अगदी बरोबर जुळली.

या दिवाळीत तुम्ही काय पाहिलं, कुठून आणि कशातून, ते तिथी-वेळेसह वहीत टिपून ठेवा आणि आम्हाला जरूर कळवा.