कार्यालयीन ई-मेल आणि पैशुन्य

रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि पुढे पाली या गावी त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट लांज्याकडून गोव्याला जाते, दुसरी नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. प्रवाशाला येथे एकच वाट धरावी लागते. मुंबईच्या कचेरीतली कुजबुजही पूर्वी अशीच एका वाटेने गावी येई. सुटीवर आलेला चाकरमानी ती सोबत आणी, चार जणांना सांगे आणि काही दिवसांत ती विरून जाई. आज तीच कुजबुज कार्यालयातील संगणकावर टंकलिखित होते आणि कळ दाबताच सर्व वाटांनी एकाच वेळी निघते. जे परत बोलावता येत नाही ते पाठविण्यापूर्वी कोणता विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली. तेव्हापासून ई-मेल कचेरीच्या अंगवळणी पडला. परंतु त्याचे स्वरूप अनेकांच्या ध्यानी आलेले नाही. लिहिणाऱ्याला तो बोलण्यासारखा वाटतो. वस्तुतः तो दस्तऐवज असतो. आपण आपल्या पेटीतून तो पुसला, तरी घेणाऱ्याकडे तो राहतो आणि कार्यालयाच्या मुख्य संगणकावर व त्याच्या राखीव प्रतींतही राहू शकतो. कोणी, केव्हा, कोणास पाठविला याची नोंद त्यासोबतच असते. ही यंत्रणा मालकाची असल्यामुळे तिच्यावरील मजकूर खाजगी राहील, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय एकाला उत्तर देताना 'सर्वांना उत्तर' ही कळ दाबली गेली, की ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याच हाती ते पडते.

अमेरिकेतील एन्रॉन कंपनी २००१ मध्ये कोसळली. चौकशीच्या निमित्ताने तेथील ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये कंपनीचे ई-मेल जनतेस खुले केले. त्यांपैकी सुमारे दीडशे कर्मचाऱ्यांच्या पेट्यांतील जवळजवळ पाच लाख संदेश आजही अभ्यासक वापरतात. त्यांत व्यवहाराच्या पत्रांबरोबर घरगुती गोष्टी आणि सहकाऱ्यांविषयीचे शेरेही आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी ते जगासाठी लिहिले नव्हते.

साधन नवे असले तरी दोष जुना आहे. विनयपिटकात भिक्खूंसाठी ९२ पाचित्तिय नियम आहेत. त्यांतील पहिला नियम हेतुपुरस्सर खोटे बोलण्याविरुद्ध, दुसरा ओमसवादाविरुद्ध म्हणजे अपमानकारक बोलण्याविरुद्ध आणि तिसरा पैशुन्याविरुद्ध म्हणजे चहाडीविरुद्ध आहे. कोणत्या आधाराने अपमान केला जातो हे सांगताना विनयाने दहा गोष्टी मोजल्या आहेत. त्यांत पहिली गोष्ट जाती ही आहे. पुढे नाव, गोत्र, काम, शिल्प, आजार, शरीराची ठेवण इत्यादी येतात. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. अपमान करण्याच्या हेतूने एखाद्याला मोठेपणाचे विशेषण लावले, तरीही तो दोषच मानला आहे. उपरोधाने केलेल्या स्तुतीला विनयात पळवाट नाही.

चहाडी दोन कारणांनी होते, असे विनय सांगतो. ऐकणाऱ्याचे आपण आवडते व्हावे हे एक आणि दोघांत भेद पडावा हे दुसरे. आम्हांस वाटते, कार्यालयातील बहुतेक कुजबुज पहिल्या कारणाने सुरू होते आणि तिचे फळ मात्र दुसऱ्या कारणाचे असते. मगधाचा मंत्री वस्सकार याची अट्ठकथेतील हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. वैशालीत राहून तो एखाद्या लिच्छवीला बाजूस घेई आणि शेतात नांगरणी होते काय, असा क्षुल्लक प्रश्न विचारी. इतरांनी विचारले असता तो लिच्छवी खरे तेच सांगे. परंतु कोणाचा विश्वास बसत नसे. तीन वर्षांत वज्जींची एकजूट संपली आणि अजातशत्रूला लढावे लागले नाही. शब्दांत विष नव्हते, बाजूला घेण्यात होते. ई-मेलमधील गुप्त प्रत हे त्या बाजूला घेण्याचेच आजचे रूप होय.

आता कायद्याचा विचार करू. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामुळे काहीही लिहिण्यास मोकळीक मिळाली, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. बदनामी हा आजही गुन्हा असून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. दक्षिण मुंबईतील एका महिलेविषयी २००९ मध्ये आक्षेपार्ह ई-मेल लिहून त्यांच्या प्रती इतरांनाही पाठविल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये विनयभंगकारक शब्दांविषयीचे दंड संहितेच्या कलम ५०९ खालील आरोप रद्द करण्यास नकार दिला. हा दोषसिद्धीचा निकाल नव्हे. परंतु ई-मेलमधील लिखित शब्दही त्या कलमात येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. तसेच २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि तक्रारीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

तथापि कायदा सर्वत्र पोहोचत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील अपमानाच्या कलमास 'लोकांच्या दृष्टीसमोर' अशी अट आहे. दोघांतच फिरलेल्या पत्राला ती लागू होईलच असे नाही. आरक्षणाने नोकरीस लागलेल्या मुलामुलींविषयी 'कोट्यातला' हा शब्द अशाच पत्रांतून फिरतो. समोर कोणी बोलत नाही. गोपनीय अहवालाच्या वेळी मात्र मत तयार झालेले असते. ज्याचे कार्यालयातील स्थान अगोदरच डळमळीत, त्यालाच कुजबुजीचा घाव सर्वांत खोल बसतो. हे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनी आपल्याच पदोन्नत बांधवाविषयी तसलेच पत्र पुढे ढकलावे, हे कोणत्या तोंडाने?

म्हणून काय गप्प बसावे? मुळीच नाही. तक्रार आणि चहाडी यांत स्पष्ट भेद आहे. तक्रार निवारण करू शकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, तिच्यावर आपले नाव असते, तिच्यात दिनांक व घटना असतात. चहाडी निवारण करू न शकणाऱ्यांत फिरते. दुसऱ्यावर दोष ठेवणाऱ्या भिक्खूने योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीच्या चित्ताने बोलावे, अशा पाच अटी विनयाने घातल्या आहेत. अन्यायाची तक्रार लिहिताना त्या आड येत नाहीत, उलट तक्रारीला बळ देतात. जो टिकाऊपणा चहाडीला घातक ठरतो, तोच तक्रारीचा पुरावा ठरतो.

सहकाऱ्याविषयीचे पत्र हाती आल्यास ते पुढे पाठवू नये. पाठविणाऱ्यास प्रत्यक्ष भेटून तसे सांगावे. स्वतः लिहिताना, ज्याच्याविषयी लिहितो त्याचे नाव पत्त्याच्या रकान्यात घालता येईल काय, एवढे तपासावे. अधिकाऱ्याकडे करावयाच्या तक्रारीखेरीज अन्यत्र ते घालण्यास हात कचरत असेल, तर ते पत्र न पाठविणे हीच सम्यक वाचा होय.