डेटाबेस मंदावला? खर्चाआधी नीट विचारा

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कुणाचे क्लिनिक आहे, कुणाचे दुकान, कुणाचे हिशेबाचे ऑफिस. सगळ्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. काही वर्षांनी तो मंदावतो आणि पहिला सल्ला मिळतो, "मोठा सर्व्हर घ्या." सर्व्हर भाड्याचा असेल तर हा भार दरमहा पडतो. पुष्कळदा त्याची गरजच नसते.

डॉक्टरांना नुसते "बरे वाटत नाही" सांगून भागत नाही. कुठे दुखते, कधीपासून, हे सांगावे लागते. डेटाबेसच्या जाणकाराला विचारतानाही पुढील चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात.

1. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की आणखी काही, आणि त्याची आवृत्ती कोणती.

2. आकडे. "फार हळू" म्हणू नये. कोणत्या कामाला पूर्वी किती सेकंद लागत, आता किती, टेबलमध्ये ओळी किती आणि मध्यंतरी काय बदलले, ते सांगावे.

3. मूळ क्वेरी जशीच्या तशी, तसेच टेबलची रचना आणि त्यावरचे इंडेक्स.

4. क्वेरीचा प्लॅन. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीआधी "एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ" लिहिले की कोणत्या पायरीत किती वेळ गेला ते दिसते. मात्र क्वेरी खरोखरच चालते! "डिलीट" असेल तर नोंदी पुसल्या जातील.

समजा, भेटींच्या टेबलमध्ये 20 लाख ओळी आहेत आणि आपल्याला एका रुग्णाच्या भेटी हव्या आहेत. प्लॅनमध्ये "सिक्वेन्शियल स्कॅन" दिसला, तर डेटाबेस सगळ्या ओळी वाचतो आहे असे समजावे. रुग्ण क्रमांकावर इंडेक्स असेल तर मोजक्याच पायऱ्यांत काम होते. पोस्टग्रेस प्रायमरी कीवर आपोआप इंडेक्स करतो, पण दुसऱ्या टेबलमधून तिचा संदर्भ देणाऱ्या रकान्यावर करत नाही. तिथेच अनेकदा घोडे अडते आणि एका ओळीच्या आज्ञेने प्रश्न सुटतो. म्हणून सगळीकडे इंडेक्स लावू नयेत. नवी नोंद करताना प्रत्येक इंडेक्स सांभाळावा लागतो, त्यामुळे लिहिणे मंदावते.

आता सर्वांत महत्त्वाचे. क्वेरीत आणि प्लॅनमध्येही खरी नावे किंवा जन्मतारखा असू शकतात. बाहेरच्या माणसाला दाखवण्याआधी त्या बदलाव्यात. पासवर्ड तर कधीच देऊ नये. अमेरिकेत क्लिनिक चालवणाऱ्यांवर रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन 1996 च्या "हिपा" कायद्यापासून आले आहे. फुकट मिळालेला सल्ला त्यामुळे महागात पडू शकतो.

सल्ला मिळाल्यावर एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. मेमरी खरोखर अपुरी ठरली, तर सर्व्हर अवश्य घ्यावा. निदान तो का घेतला, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.