आधी इंजिन, मग होडी

न्यूझीलंडमध्ये घराशेजारच्या गॅरेजमध्ये मोटारीऐवजी कधी कधी अर्धवट बांधलेली होडी दिसते. हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, वेल्डिंग करून ती घरीच बांधतात. खर्च थोडाथोडा होतो, म्हणून जाणवत नाही. होडी तयार होते, मुले आत चढून बसतात आणि मग प्रश्न पडतो, इंजिन कोणते? तोवर पैसे संपत आलेले असतात. मग मिळेल ते स्वस्त इंजिन बसवण्याचा मोह होतो आणि तोच पुढे महाग पडतो.

म्हणून पहिला पत्रा कापण्यापूर्वीच इंजिन ठरवा. माणसे, इंधन, सामान आणि इंजिन धरून एकूण वजन काढा. पाण्यावर उचलून वेगाने धावण्यासाठी दर ११ ते १८ किलोंमागे साधारण १ अश्वशक्ती लागते. म्हणजे ६०० किलोंसाठी ३५ ते ५५ अश्वशक्ती. ताकद कमी पडली तर होडी पाणी ढकलत राहते आणि पेट्रोल मात्र भरपूर पिते.

बहुतेकांना परवडते ते जुने आउटबोर्ड इंजिन. ते होडीच्या मागच्या फळीवर बसते, तळाला भोक पाडावे लागत नाही आणि बिघडले तर काढून मेकॅनिककडे नेता येते. मात्र त्याच्या दांड्याची लांबी आधी मोजा. मागच्या फळीची उंची त्यावर ठरते. आखूड दांड्याला सुमारे ३८ सेंटिमीटर, लांब दांड्याला ५१. विकत घेताना ते चालू करून पाहा. थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडते का? गिअरचे तेल दुधासारखे पांढरट असेल, तर आत पाणी शिरले आहे असे समजा.

उथळ, गोट्यांच्या नद्यांत पंखा टिकत नाही. तिथल्याच बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय म्हणून जेट बोट विकसित केली. ती तळातून पाणी ओढून मागे जोराने फेकते. १९६० मध्ये अशा बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीत ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. आता काही हौशी लोक जुन्या जेट स्कीचे इंजिन आणि पंप काढून छोट्या होडीत बसवतात. खर्च आटोक्यात राहतो, पण वाळू-खडे आत गेले तर पंप झिजतो.

मोटारीचे जुने इंजिन सर्वांत स्वस्त दिसते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साठते आणि मोटारीच्या साध्या स्टार्टरची एक ठिणगी स्फोटाला पुरते. तेव्हा ठिणगी बाहेर न पडणारे होडीसाठीचेच भाग आणि वाफ बाहेर काढणारा पंखा हवाच. शिवाय खाऱ्या पाण्यात तांब्या-पितळेचे सामान थेट ॲल्युमिनियमला लागले, तर पत्रा खाल्ला जातो. आउटबोर्ड असो वा जेट, खाऱ्या पाण्यात झिजण्यासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावावेच लागतात.

हिशेब करताना किमतीत हे सारे धरा. त्या होडीत आपलीच मुले बसणार आहेत. पैसे कमी असतील तर इंजिन लहान घ्या, होडीही लहान बांधा, पण सुरक्षिततेच्या खर्चात काटकसर करू नका.