भट्टीवाचून भाजलेले : उल्हास खोऱ्यातल्या घरच्या रोट्या

कल्याण-कर्जत रेल्वेमार्गावरच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत घरी भाजल्या जाणाऱ्या रोट्यांची तीन घराणी आहेत : तांदळाची भाकरी, सिंधी घरांतली कोकी व लोलो, आणि अलीकडे ओव्हनमधून निघू लागलेला पाव. पीठ एकसंध ठेवायचे कशाने, हा प्रश्न तिघांनी तीन तऱ्हांनी सोडवला आहे. भाकरीला शिजलेले पिष्ट धरून ठेवते, लोल्याला तूप आणि पाक, पावाला ग्लुटेनची जाळी.

यातली भाकरी सगळ्यात जुनी. आगरी, कुणबी, ठाकूर घरांत ती तांदळाची होते. आदिवासी पाड्यांवर नाचणीचीही. तांदळात ग्लुटेन नसल्याने थंड पाण्यात भिजवलेले पीठ थापताना फुटते. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, झाकण ठेवून वाफ मुरू द्यायची आणि हाताला सोसवेल इतक्या गरमपणीच मळायची. साधारण 70 अंशांच्या आसपास पिष्ट फुगून चिकट होते आणि ग्लुटेनची उणीव भरून काढते. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, तो याच कारणासाठी : पापुद्रा आधी वाळला तर भाकरीला चिरा जातात आणि ती फुगत नाही.

गव्हाची घट्ट रोटी या पट्ट्यात मोठ्या संख्येने आली ती फाळणीनंतर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी युद्ध संपल्यावर ओस पडली होती. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगली झाल्या, सिंधमधून हिंदूंचा ओघ वाढला आणि आगबोटीने मुंबईत उतरलेल्या हजारो कुटुंबांना याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पाच कॅम्पांची ओळख मात्र पत्त्यांतून अजूनही पुसलेली नाही. ही माणसे गव्हाच्या मुलखातली होती. 1932 मध्ये सक्करचे धरण सुरू झाल्यावर सिंधमधला गहू आणखी वाढला होता. बराकीत गोणपाटाचा आडोसा करून थाटलेल्या संसारात भट्टीला जागा नव्हती. सिंधी रोट्यांचे ज्ञान टिकले ते तव्याच्या बळावर.

कोकी हे त्याचे रोजचे रूप. कणकेत बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे, अनारदाणा आणि तुपाचे मोहन. पाणी अगदी बेताचे. मिठाने कांद्याला पाणी सुटते, म्हणून कांदा मळायच्या वेळीच घालायचा. जाड लाटलेला गोळा दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकून तव्यावरून उतरवतात, पुन्हा लाटतात, सुरीने चिरा देतात आणि मग तूप सोडत मंद आचेवर भाजतात. पहिल्या शेकाने कडा खडबडीत राहतात आणि दुसऱ्या लाटण्यात फाटतात. त्या फाटलेल्या जागी तूप मुरते. गुळगुळीत, गोल कोकी दिसायला नीटस असली तरी खुसखुशीतपणात मागे पडते. ज्वारीच्या जाड ‘ढोढो’चे भाकरीशी असलेले नाते तर कोणत्याही मराठी खाणाऱ्याच्या सहज लक्षात येईल.

सिंधी रोट्यांत सर्वाधिक विचार लोल्यामागे आहे, कारण तो चूल न पेटवण्याच्या दिवसासाठी असतो. जन्माष्टमीच्या आदल्या दिवशीच्या सप्तमीला सिंधी घरांत थदडी पाळतात. आदल्या संध्याकाळी सगळा स्वयंपाक उरकतो, चूल किंवा शेगडी स्वच्छ होते, तिच्यावर पाणी शिंपडले जाते आणि पूजा होते. दुसऱ्या दिवशी सारे गारच खायचे : लोलो, दही, तळलेली कारली, लोणचे. ही पूजा शीतलेची, म्हणजे देवीच्या रोगाशी जोडलेली. 1977 मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. थदडी पुढेही चालू राहिली.

लोल्याची कणीक गुळाच्या किंवा साखरेच्या वेलदोडा घातलेल्या पाकात भिजवतात आणि तूप सढळ हाताने घालतात. तुपाचा लेप बसल्याने पिठाला पाणी कमी मिळते, ग्लुटेन बांधले जात नाही आणि जाड रोटीही खुसखुशीत राहते. गोडामुळे उरलेले पाणी बांधले जाते, म्हणून बुरशीला वाव कमी. आच मंद हवी, कारण साखर करपते आणि मध्य कच्चा राहतो. खरी परीक्षा भाजल्यानंतरची : श्रावणातल्या दमट हवेत गरम लोलो डब्यात भरला की वाफेचे पाणी होते आणि सगळी मेहनत वाया जाते. तो जाळीवर पूर्ण गार करून मगच झाकायचा. दुधात भिजवलेली प्रवासाची दशमी आणि गुळाची पोळी यांच्यामागेही टिकाऊपणाचाच हिशेब आहे.

पाव घराबाहेरून आला. पोर्तुगीजांमुळे गोव्यात रुजलेला, तिथे माडाच्या सुरेने आंबवलेला हा पदार्थ गोवेकर आणि इराणी बेकऱ्यांमार्फत मुंबईभर पसरला. सिंधी स्वयंपाकघराने त्याला ‘सेयल डबल’मध्ये सामावून घेतले : शिळ्या पावाचे तुकडे लसूण, कोथिंबीर, मिरची आणि टोमॅटोच्या रसात शिजवायचे. यासाठी शिळाच पाव हवा. पाव शिळा होतो तेव्हा पिष्टाचे कण पुन्हा एकमेकांशी घट्ट बांधले जातात, म्हणून तुकडे रसात विरघळत नाहीत. आणि ओल्या उष्णतेने ते पुन्हा मऊ पडतात. हे घट्ट होणे फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने घडते. पाव फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय म्हणूनच उलटी आहे.

घरच्या पावासाठी 500 ग्रॅम मैदा, सुमारे 310 मिलिलिटर पाणी, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, थोडी साखर आणि 40 ग्रॅम लोणी पुरते. ताणल्यावर न फाटता पातळ पडदा तयार होईपर्यंत पीठ मळायचे. पावसाळ्यात मैदा आधीच ओलावा धरतो, तेव्हा पाणी हात आखडून घालावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात गार पाणी वापरावे, नाहीतर पीठ भराभर फुगून आंबूस होते. दुप्पट झाल्यावर गोळे खेटून लावायचे, म्हणजे लादीतल्या पावांच्या बाजू मऊ राहतात. दुसऱ्यांदा फुगल्यावर 190 ते 200 अंशांवर 20 मिनिटे भाजावेत. ओव्हन नसेल तर शिटी आणि रबर काढलेला, तळाशी मिठाचा थर दिलेला जाड कुकर चालतो. वरचा रंग फिका राहतो, पण आत जाळी पडते. उघडलेले यीस्ट हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवावे. जुन्या पाकिटाची शंका असेल तर कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाकून पाहावे : 10 मिनिटांत फेस आला नाही तर पाकीट बदलावे.